रेडिएटरमधली हळद

गाडी गॅरेजमध्ये शिरली की ते आधी तिच्या बोनेटवर उघड्या तळहाताने एक सणसणीत थप्पड हाणायचे आणि म्हणायचे, "बोल!"

मग कान तिरका करून क्षणभर थांबायचे, जणू गाडी खरंच काही सांगणार आहे. नवं गिऱ्हाईक दचकायचं. एका डॉक्टरीणबाईंनी तर "अहो, पत्रा दबेल!" म्हणून त्यांचं मनगटच धरलं होतं. ते म्हणाले, "दबला तर काढून देईन, बाई. जे मी फोडतो ते मीच बसवतो."

बडोद्यात तरसालीच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणेन. त्यांचं नाव लिहायला माझा हात धजत नाही. का, ते पुढे येईलच. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच माघार घ्यायला वाव राहणार नाही. मिस्त्रींच्या हातून त्यांच्या सख्ख्या भावाचा कान गेला, पण तो घालवला मी. कित्येक वर्षं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याच्या हाताला तोंडाआधी राग येतो. मिस्त्रींचे आजोबा संस्थानच्या पागेत घोडे शिकवायचे. बिथरलेलं जनावर आलं की आधी मानेवर चापट, मग बरगडीला कान. नातवाकडे तेच आलं होतं. "घोडं लाथ मारतं, गाडी वाफ मारते. फरक एवढाच," असं म्हणून ते डाव्या हाताची मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेली, गुळगुळीत गुलाबी कातडी दाखवायचे.

त्या गॅरेजमध्ये पाना हवेतून उडत येणं ही रोजचीच गोष्ट होती. समोर कांतिभाईंचा पानाचा गल्ला, म्हणजे टपरी, होती. मिस्त्रींचा आवाज एका ठरावीक पट्टीला पोचला की कांतिभाई चुना लावता लावता, वर न बघता, डोकं खाली घालायचे. पाना मागच्या पत्र्यावर आदळला की उचलून परत आणून द्यायचे. "लो मिस्त्री, तमारो पानो."

खोटं मात्र त्यांना अजिबात सोसत नसे. एका कापडवाल्या शेठने छातीवर हात ठेवून सांगितलं, "मिस्त्री, ऑइल दर तीन महिन्यांनी बदलतो." मिस्त्रींनी ऑइलची पट्टी बाहेर ओढली आणि शेठच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसली. डांबरासारखा काळा पट्टा उमटला. "आता सांग." शेठ तरी हटेना. मिस्त्रींनी हातोडा उचलला आणि शेठच्या गाडीचा डावा दिवा फोडला. काचा पार गल्ल्यापर्यंत उडाल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः नवा दिवा आणून बसवून दिला. "फोडला तो खोटं बोललास म्हणून. बसवला तो मी फोडला म्हणून." शेठ पुढे कायम त्यांच्याकडेच येत राहिले, आणि ऑइल वेळेवर बदलत राहिले.

त्यांचा एक भाऊ होता, बारा वर्षांनी लहान. त्याला ते धाकटा म्हणत, म्हणून सगळेच धाकटा म्हणत. तिशी ओलांडलेला, लग्न न झालेला, सावकाश बोलणारा. मिस्त्रींकडे हात होता, तर धाकट्याकडे कान. हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक तो चालू इंजिनावर टेकवायचा, लाकडी मूठ डाव्या कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. त्या वेळी मिस्त्री रेडिओ बंद करायचे, कांतिभाईंचा अडकित्ता थांबवायचे. एकदा नेमका तेव्हाच एका रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. मिस्त्री धावत गेले आणि रिक्षाचा रबरी भोंगाच उपटून घेऊन आले. धाकट्याचं ऐकून झालं तेव्हा कुठे तो परत केला.

"काय म्हणते?" मिस्त्री हळू आवाजात विचारायचे. हळू आवाज त्यांच्याकडे या एकाच कामासाठी होता.

"दादा, तिसऱ्यात काहीतरी सैल आहे," धाकटा म्हणायचा. खोललं की तिसऱ्यातच निघायचं.

माझी गाडी जुनी होती, दुसऱ्याकडून घेतलेली. मी तेव्हा अलकापुरीत एका कचेरीत होतो. गाडी चांगली पळायची, फक्त तिच्यातलं पाणी कमी व्हायचं. खाली थेंब नाही, नळ्या कोरड्या, आणि तरी दोन-तीन दिवसांनी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालावं लागायचं. मी ती तरसालीला नेली.

थप्पड बसली. "बोल!"

धाकट्याने कान लावला आणि मान हलवली. आतून तक्रार नव्हती. मग मिस्त्री कामाला लागले. त्यांचा शोध बघण्यासारखा असे. नळ्या एकेक करून पिळल्या. ऑइल दोन बोटांत चोळलं, पाणी मिसळलं तर ते दुधाळ होतं. धुराड्यापुढे स्वच्छ फडकं धरून त्याचा वास घेतला. आत पायाखालचा डावीकडचा गालिचा उपटून खालचा पत्रा हाताने चाचपला. "पाणी जातं कुठं?" प्रत्येक जागी एकदा विचारायचे आणि जरा जोरात आदळआपट करायचे. शेवटी रेडिएटरची टोपीच भिरकावली. ती लोळत लोळत नालीपर्यंत गेली.

"साहेब, आठ दिवस गाडी चालवा. फक्त साधं पाणी. रोज सकाळी किती घातलं ते लिहून ठेवा. बाकी कशाला हात लावायचा नाही, कोणाचं ऐकायचं नाही. चोर पकडायचा तर घरातलं काही हलवायचं नसतं."

"नाही लावणार," मी म्हणालो.

"तुमचा शब्द म्हणजे काय, सहीच की," ते म्हणाले आणि धाकट्याकडे वळून त्याला सांगू लागले, "यांच्या आजोबांनी आपल्या आजोबांचा पेन्शनचा कागद लिहिला होता. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ती कलमवाली माणसं. आपल्यासारखी नाही, तोंडाने बोलायच्या आधी हाताने बोलणारी."

हे तुम्ही लक्षात ठेवा. बडोद्यात अशी जुनी मराठी घरं एकमेकांना आजोबांवरून ओळखतात. माझे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते. त्यांच्या सचोटीवर मी आयुष्यभर फुकट बसून खाल्लं.

चौथ्या दिवशी कचेरीच्या कामासाठी भरूचला निघालो होतो. करजणच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल रेषेत गेला. एका ढाब्यावर थांबलो. शेजारी खाटेवर पडलेल्या ट्रक ड्रायव्हरने न उठताच विचारलं, "पानी पीती है क्या? हल्दी डाल दो साब, भूल जाओ." करजणच्या बाजारात एका किराणावाल्याकडून हळदीची पुडी घेतली. इंजिन निवल्यावर रेडिएटरमध्ये दोन मुठी ओतली. ट्रकवाले करतात तसं. हळद फुगते आणि भोक असेल तिथे जाऊन बसते.

पाणी जायचं थांबलं. मी इतका खूश झालो की परतताना गाणं म्हणत होतो. मग तरसालीच्या वळणावर आठवलं, मिस्त्रींनी कशाला हात लावायचा नाही असं सांगितलं होतं, आणि मी शब्द दिला होता.

एखाद्याने सरळ सांगितलं असतं. मिस्त्रींनी शिवी हासडली असती, फार तर माझाही एक दिवा फोडला असता. पण मी कचेरीतला माणूस. चुकीची नोंद झाली की पान बदलायची सवय. पुढच्या रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात खालचा नळ उघडून सगळं पाणी सोडून दिलं, आणि आतून स्वच्छ पाणी येईपर्यंत बादल्या ओतत राहिलो. फरशीवर पिवळा ओघळ गेला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "काय हो, कोणाची हळद?" मी हसलो. मोजमापाच्या वहीत उरलेले आकडे मनाने लिहिले, हळूहळू कमी होत जाणारे. दिसायला चांगले दिसत होते.

आठव्या दिवशी गाडी नेली. मिस्त्रींनी रेडिएटरच्या तोंडावर हवेचा पंप जोडला, दाब भरला आणि घड्याळासारखा काटा बघत अख्खी दुपार बसून राहिले. काटा हलला नाही. हलणार कसा? भोकात माझी हळद बसली होती.

"काही घातलं नाही ना आत?"

"नाही हो."

धाकटा रेडिएटरवर वाकला होता. त्याने दोनदा श्वास ओढला. "दादा, वास येतोय. भाजीला फोडणी दिल्यासारखा."

मिस्त्री मोठ्याने हसले. "तुला भूक लागलीय, गाढवा. वहिनीने डबा दिलाय, जा, गिळ."

मीही हसलो. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. मग तो जेवायला गेला.

मिस्त्रींनी ठरवलं, दोष टोपीत असणार. दाब वाढला की जुनी टोपी पाणी उडवून टाकते. नवी टोपी धाकट्याने बसवली आणि मला कशी बसवायची ते दाखवलं. "साहेब, हिला दोन खाचा आहेत. पहिली खाच म्हणजे दार लोटलं. दुसरी म्हणजे कडी लागली. कडी लागल्याशिवाय गाडी काढायची नाही." त्याने हाताने दाबून दुसरा 'टक्' ऐकवला. इतका हलका आवाज, पण त्याने तो मला दोनदा ऐकायला लावला.

आठवडा बरा गेला. मग पाणी पुन्हा कमी झालेलं दिसलं. एका सकाळी कचेरीला निघायच्या गडबडीत मी टोपी उघडली, पुडीतली उरलेली हळद आत झटकली, वरून पाणी घातलं आणि टोपी फिरवून निघालो. पहिलाच टक् झाला होता. दुसरा मी ऐकला नाही. ऐकायला थांबलोच नाही.

त्या दिवशी कचेरीने मला मकरपुऱ्याला धाडलं होतं. तरसालीच्या पुढे बोनेटखालून धडाम् आवाज झाला, समोरची काच वाफेने पांढरी झाली, आणि इंजिन एकदा भयंकर किंचाळून जागच्या जागी आवळलं. मागून येणाऱ्या टेम्पोने कसाबसा ब्रेक मारला. मी बाहेर पडलो. वाफ निवल्यावर बोनेट उचललं. आतल्या बाजूला सगळीकडे पिवळे शिंतोडे उडाले होते, लग्नघरातल्या भिंतीसारखे.

मी खिशातला रुमाल काढला आणि पत्रा पुसायला लागलो. हात भाजत होता तरी पुसत राहिलो. टोपी पहिल्या खाचेवर बसलेली दिसली. ती इतकी तापली होती की तिला हात लावणं शक्य नव्हतं. रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग टेम्पोवाल्याने दोरी बांधून गाडी ओढत मिस्त्रींकडे नेली.

या वेळी थप्पड बसली नाही. मिस्त्रींनी बोनेट उघडलं, टोपी बघितली आणि ते एकदम शांत झाले. मला वाटतं, कांतिभाईंनी तेव्हाच अडकित्ता खाली ठेवला.

"ही टोपी शेवटची कोणी बसवली?"

"मी," धाकटा म्हणाला. "दोन्ही खाचा, दादा. साहेबांना ऐकवल्या."

"मग ही एकीवर कशी?"

धाकटा वाकला. वास घेतला. सरळ होत म्हणाला, "परत तोच वास आहे. साहेब, तुम्ही आत काहीतरी घातलंय. टोपी तुम्ही उघडलीत."

"गिऱ्हाइकावर घालतोस?" मिस्त्रींचा आवाज चढला. "यांच्यावर? साहेब, टोपी उघडली होती तुम्ही?"

आजूबाजूला पाच-सहा माणसं जमली होती. टेम्पोवाला होता, कांतिभाई होते. खिशातला रुमाल ओला होता, मांडीला लागत होता. मी म्हणालो, "मी कशाला हात लावीन?"

थप्पड अशी बसली की आवाज आधी आला आणि धाकटा नंतर पडला. डाव्या बाजूला, उघड्या तळहाताने, कानावर. तो बाकावर आदळला, बाक उलटलं, नट-बोल्टचा डबा फरशीवर सांडला. उठायच्या आत मिस्त्रींनी गळपट्टी धरून त्याला उभा केला आणि दुसरी मारली. "माझ्या गॅरेजात खोटं? माझा भाऊ?" तिसरी. धाकटा हात वर करत नव्हता. "दोन्ही खाचा, दादा," एवढंच म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी ते म्हटलं की आणखी एक बसत होती. मिस्त्रींनी त्याचं डोकं गाडीच्या मडगार्डावर आपटलं. पत्रा दबला. कांतिभाई रस्ता ओलांडून ओरडत आले, "छोडी दो मिस्त्री, मरी जशे!" आणि दोघा-तिघांनी मिळून ओढलं तेव्हा मिस्त्रींची मूठ सुटली.

धाकट्याच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवरून सदऱ्यात उतरत होती. कांतिभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, रुमाल छे?"

रुमाल खिशात होता. मी "नाही" म्हणालो.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. त्या दिवशी मी तीन वेळा खोटं बोललो असेन, पण रात्री जाग आणतं ते हेच.

कांतिभाईंनी पानाचं ओलं फडकं त्याच्या कानाला लावलं. मिस्त्री स्वतःच्या तळहाताकडे बघत उभे होते. मग त्यांनीच भावाला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. पुढचं मला कांतिभाईंनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा फाटलाय आणि त्याच्या आतलंही दुखावलंय, या कानाने पुन्हा ऐकू येणं कठीण. मिस्त्रींनी डॉक्टरांची कॉलर धरली. "बसवा. काय लागेल ते बसवा. मी फोडलाय, बसला पाहिजे." वॉर्डबॉयने सोडवलं, तेव्हा ते भिंतीला डोकं टेकवून रडत होते म्हणे.

घरी मी रुमाल धुण्यात टाकला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मला ठाऊक नव्हतं. बायकोने बादलीतून तो वर काढून विचारलं, "हे रक्त कुणाचं?" मी म्हणालो, "कुणाचं नाही."

चार दिवसांनी धाकटा गॅरेजमध्ये आला, कानाला पट्टी बांधून. आपले कपडे एका पिशवीत भरले. स्क्रूड्रायव्हर खिळ्याला टांगलेला होता, तो तिथेच ठेवला. कांतिभाईंच्या देखत मोठ्या भावाला म्हणाला, "दादा, ज्या दिवशी साहेब इथं उभे राहून, याच माणसांसमोर, टोपी कोणी उघडली ते सांगतील, त्या दिवशी मी परत येईन. तू बोलवायला येऊ नकोस." आणि करजणला जाऊन हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान टाकलं. त्या कामाला कान लागत नाही.

पंधरा दिवसांनी मिस्त्रींनी मला बोलावलं. इंजिन उतरवून, सुटं करून फळीवर मांडलं होतं. त्यांनी मला इंजिनाच्या मागची बाजू दाखवली. तिथे नाण्याएवढी पत्र्याची एक चकती ठोकलेली असते, तिला गंज खाऊन सुईएवढं भोक पडलं होतं. त्यातून पाणी थेट सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर पडायचं आणि तिथल्या तिथे उडून जायचं. म्हणून खाली कधी थेंब दिसला नाही. नळीवर क्षाराची पांढरी रेघ होती. आणि चकतीभोवती, नळ्यांत, पाण्याच्या प्रत्येक वाटेत, घट्ट पिवळा चिखल साचला होता.

त्यांनी नखाने थोडा खरवडून माझ्या तळहातावर ठेवला.

"वास घ्या."

मी घेतला नाही. त्यांचा हात वर गेला. मी डोळे मिटले. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला बरं वाटलं. आता बसेल आणि सगळं फिटेल. काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा तो हात इंजिनावर टेकलेला होता.

"तुम्हाला मारलं असतं साहेब," ते म्हणाले, "पण माझी मारायची पाळी होऊन गेली. चुकीच्या माणसावर." मग हळू आवाजात, त्या एका कामासाठी राखून ठेवलेल्या आवाजात, म्हणाले, "मी त्याला सांगितलं तर तो म्हणेल, दादा मला परत न्यायला काहीही बोलतोय. तुमच्या तोंडून पाहिजे. चारचौघांत मारलंय, चारचौघांतच निघालं पाहिजे. रविवारी या. मी त्याला निरोप धाडतो. कांतिभाईपण असतील."

"येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. त्या रविवारी मी तयार होऊन, बूट घालून, दहापासून एकपर्यंत खुर्चीत बसलो होतो. बायकोने विचारलं, "कुठे जायचंय?" मी म्हटलं, "कुठे नाही." मग बूट काढले. दुरुस्त झालेली गाडी दुसऱ्या कोणाला तरी धाडून मागवून घेतली आणि विकली. मडगार्डावर एक खळगा होता, तो त्यांनी काढला नव्हता. कान सोडला तर त्यांच्या हातून फुटलेलं आणि तसंच राहिलेलं तेवढंच.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. मी तरसालीचा रस्ता टाळायचो. पण बडोदे ते केवढं! कधी भाजीबाजारात, कधी कोणाच्या मुंजीत गाठ पडायचीच. मिस्त्री कधी ओरडले नाहीत, कोणाला काही सांगितलं नाही. "केम छो साहेब, बरं आहे ना?" विचारायचे आणि जाता जाता म्हणायचे, "रविवार येतोय."

मी म्हणायचो, "हो, हो."

एकदा त्यांच्या हातात नातीला घेतलेला फुगा होता. तो सांभाळत, गर्दीत मागे वळून त्यांनी तेच म्हटलं. फुग्यामुळे का कोण जाणे, मला तेव्हा पळून जावंसं वाटलं.

कांतिभाईंकडून कळायचं. मिस्त्रींनी बोनेटवर मारणं सोडलं होतं. पानेही उडत नसत. गॅरेजमध्ये गाड्या कमी झाल्या होत्या. कानाशिवाय त्यांना फक्त खोलून बघता यायचं, आणि लोकांना तेवढा वेळ नव्हता; शेवटची काही वर्षं तर काम बंदच होतं. एकदा ते बसने करजणला गेले. हमरस्त्याच्या अलीकडच्या बाजूला चहाच्या टपरीवर बसले, पलीकडे धाकटा टायर ठोकत होता. रस्ता न ओलांडता परत आले. मग महिन्या-दोन महिन्यांनी जायचे, तसेच बसायचे, तसेच परत यायचे.

या वर्षी कळलं, मिस्त्री गेले. झोपेतच गेले, म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर आदळआपट केली तो काहीही न आपटता गेला. मला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी करजणला गेलो. धाकटा आता पन्नाशीच्या पुढचा, कानशिलावर पांढरा झालेला. मी समोर उभा राहून बोलायला लागलो. त्याने हात वर केला. "या बाजूने या साहेब. त्या बाजूला काही नाही."

मी उजव्या बाजूला गेलो आणि सांगितलं. ढाबा, पुडी, बादल्या, पहिली खाच, रुमाल. त्याने पंक्चरचं ठिगळ घासणं थांबवलं नाही.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "वास आला होता. मी बोललोसुद्धा. दादा हसला. तुम्हीपण हसलात."

"हो."

"दादा पलीकडे येऊन बसायचा. मी बघायचो. वाटायचं, आज तुम्हाला घेऊन आला असेल."

तो उठला, हात पुसले. "इथं सांगून उपयोग नाही. मी तिथलं म्हटलं होतं."

आम्ही तरसालीला आलो. गॅरेजचं शटर बंद होतं. कांतिभाई आता म्हातारे झालेत, गल्ल्यावर मुलगा बसतो. ते शेजारी खुर्चीत बसले होते. आम्हा दोघांना एकत्र उतरताना पाहून ते काठी टेकत उठले. आणखी दोन-चार लोक पान घ्यायला उभे होते, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "टोपी मी उघडली होती. आत हळद मी घातली होती. याने दोन्ही खाचा बसवल्या होत्या. हा खरं बोलत होता." एक ट्रक गेला म्हणून शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं.

कांतिभाई दोन पावलं पुढे आले. मग म्हणाले, "मिस्त्रीने सांभळवुं हतुं, साहेब." मिस्त्रींना हे ऐकायचं होतं.

धाकट्याने खिशातून किल्ली काढली. तेराव्याला वहिनीने दिली होती, पण त्याने अजून उघडलं नव्हतं. शटर अडकलं. त्याने तळहाताने त्यावर एक सणसणीत थप्पड मारली, आणि ते वर गेलं.

आत धूळ होती. फळीवरचे पाने गंजून एकमेकांना चिकटले होते. पंप, जॅक, हातोडा, सगळं तांबडं पडलं होतं. फक्त भिंतीवरच्या खिळ्याला तो हातभर लांब स्क्रूड्रायव्हर होता. धाकट्याने तो उतरवून उजेडात धरला. त्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता. मुठीला तेलाचा हात होता, पातं चकचकीत होतं.

त्याने अंगठा पात्यावरून टोकापर्यंत फिरवला.

"रविवारी पुसत असणार," तो म्हणाला.